शब्दाची पत

‘विश्वास’ हा शब्द उच्चारला की आपणा ख्रिस्ती भाविकांस प्रथम श्रद्धेचा अंगीकार आठवतो. बाजारात मात्र त्याच विश्वासाला ‘पत’ म्हणतात. उद्योग कोण उभारतो आणि लोक आपला पैसा कोणाच्या शब्दावर स्वाधीन करतात, या प्रश्नांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एका प्राध्यापकाची खरी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली.

धनंजयराव गाडगीळ (१९०१-१९७१) केंब्रिजला शिकले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तेव्हापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. भारतातील व्यापारी वर्ग कसा उदयास आला, यावर त्यांनी लिहिले. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या लाभाची त्यांच्या संस्थेने केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हा मनुष्य येथे पाहुणा म्हणून आलेला नव्हता; आपल्या पाटांची त्याला नीट ओळख होती.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि या भागात ऊस पसरला. साखर मात्र खासगी कंपन्यांची. शेतकऱ्यांच्या जमिनीही त्यांनी खंडाने घेतलेल्या. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण बेताचे, पण १९२३ मध्येच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा, या विचाराने तेथे मूळ धरले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेचे गाळप सुरू झाले. (कारखान्याला ‘आशियातील पहिला सहकारी’ म्हणण्याची प्रथा आहे. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच असा प्रयोग झाला होता. महाराष्ट्रातील पहिला, एवढा मान पुरेसा आहे.)

गाडगीळ पहिले अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष. मला या जोडीचे मर्म असे दिसते की, गावोगाव हिंडून भाग गोळा करणाऱ्या विठ्ठलरावांवर शेतकऱ्यांचा विश्वास होता, तर मुंबई सरकार व औद्योगिक वित्त महामंडळ यांना गाडगिळांच्या नावाचा आधार वाटला. एकाची पत ओट्यावर, दुसऱ्याची कचेरीत. समोर गिरवायला कित्ता नव्हता. भागधारकाने आपला ऊस कारखान्यालाच घालायचा, हे बंधन शेतकऱ्याच्या गळी उतरवायचे, सरकारचे भांडवल घ्यायचे आणि तरी कारखाना सभासदांचाच ठेवायचा, अशी ही तारेवरची कसरत. विद्वानाने ती सुमारे दहा वर्षे केली. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद भूषविणाऱ्या गाडगिळांचे मोठेपण मला त्या पदापेक्षा लोणीच्या सभांत अधिक जाणवते.

पण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल. भाग घेण्यास ऊस हवा, उसास जमीन हवी. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांपाशी जमीन नव्हतीच. ते या मळ्यांत आणि कारखान्यांत राबले. सभासदांच्या यादीत त्यांची नावे विरळाच. पुढे कारखान्यांभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले, त्यांचा लाभ आपल्या मुलांनाही मिळाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरी लाभ मिळणे वेगळे आणि धनी असणे वेगळे.

शिवाय त्याच उसाच्या फडात पत नावाची आणखी एक व्यवस्था चालते. दसरा-दिवाळीनंतर तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची. अंगावर राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. येथेही शब्दच तारण असतो, पण तो पाळण्याचा सगळा भार एकाच बाजूवर.

मागच्या हंगामात कोप्यांवर गेलो असता मी एका तोडणीवाल्याला विचारले, “उचलीचा हिशेब लिहून ठेवता का?” तो म्हणाला, “फादर, लिहितो तो मुकादम. आम्ही ध्यानात ठेवतो.” त्याची बायको मोळी बांधत होती. मान वर न करता तिने आकडा सांगितला. तो नवऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोन हजारांनी कमी होता.