साठ हजारांचा हिशेब

संगणक विकत घेणे आणि संगणक जुळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानातून तयार खोका उचलून आणला, की विचार करण्याचे काम कारखान्याने आधीच उरकलेले असते. सुटे भाग निवडून यंत्र उभे करायचे म्हटले, की तो विचार आपल्यालाच करावा लागतो. आणि हाती मोजके पैसे असतील तर प्रत्येक भागापाशी थांबून 'हे कशासाठी?' असे विचारावे लागते. सोलापुरात आमच्या घरी २०२५ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न पुष्कळदा विचारला गेला. त्याचीच ही हकिकत.

बारावी झाल्यावर संगणक घेऊन देईन, असा शब्द ताईने माझ्या भाच्याला दिला होता. ताई घरी शाळांचे गणवेश शिवते. सोलापूरची ख्याती चादरींची आणि टॉवेलांची. पण गणवेश शिवण्याचा धंदाही येथे मोठा आहे आणि त्यावर अनेक घरे चालतात. वीस जणींच्या भिशीत ती दरमहा ३,००० रुपये भरत असे. त्या एप्रिलमध्ये तिला भिशी लागली आणि ६०,००० रुपये हाती आले. भाच्याला हवा होता तो खेळांचा संगणक. भाऊजींचे आयुष्य यंत्रमागावर गेलेले. घरावरचे पत्रे बदलायचे दोन पावसाळे राहून गेले होते. "साठ हजार रुपये, आणि ते खेळायला?" एवढेच ते म्हणाले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्यात राग थोडा आणि धास्ती फार होती.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही फक्त यादी बघा," असे म्हणून भाच्याने वही पुढे ठेवली. यादीत ३२,००० रुपयांचे ग्राफिक्स कार्ड होते. काचेची बाजू आणि रंगीत दिवे असलेले कॅबिनेट होते. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती. आणि सगळ्यांत शेवटी, कसेबसे बसवलेले, १,५०० रुपयांचे बिननावाचे एसएमपीएस होते. ज्याला पहिल्यांदाच यंत्र जुळवायचे आहे अशा बहुतेक मुलांची यादी अशीच असते. डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूला अर्धे पैसे आणि उरलेल्या यंत्राला उरलेसुरले!

तरी त्याच्या आवडीमागेही गणित होते, आणि ते मी आधी भाऊजींना समजावून सांगितले. साध्या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे पुरतात. खेळात मात्र हाताच्या हालचालीला पडद्याने तत्काळ उत्तर द्यायचे असते, म्हणून निदान ६० चित्रे लागतात. दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग नव्याने ठरवायचा! हे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून खेळांच्या संगणकात त्याला सर्वांत मोठा वाटा देणे रास्तच आहे. पण त्या कार्डाला काम नेमून देतो तो प्रोसेसर, आणि त्याला लागणारी माहिती हाताशी ठेवते ती रॅम. हे दोघे मागे पडले, तर महागडे कार्ड नुसते वाट पाहत बसते.

यावर भाऊजी प्रथमच बोलले. "ताणा कच्चा आणि बाणा भारी," ते म्हणाले, "असला टॉवेल पहिल्या धुण्यात जातो." उभ्या धाग्यांत जोर नसेल तर आडवा धागा कितीही उंची घाला, माग पुन्हापुन्हा थांबणारच, हे त्यांनी मुलाला आपल्या भाषेत सांगितले. जे मी आलेख काढून सांगणार होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

मला त्या वेळी पुण्याच्या सी-डॅकची आठवण झाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात कोणताही एक राक्षसी प्रोसेसर नव्हता. बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर नावाचे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून, काम वाटून देऊन, ते यंत्र चालवले होते. मोजक्या साधनांतून मोठे काम उभे करायचे तर भागांचा मेळ आधी पाहावा लागतो. हा धडा महासंगणकाला लागू पडतो, तसाच तो आमच्या साठ हजारांनाही लागू पडत होता.

मग आम्ही तिघे यादी नव्याने करायला बसलो. पहिला नियम असा ठरला, की विजेपासून सुरुवात करायची. एसएमपीएस हा भाग कोणाला दिसत नाही आणि त्याने खेळ तसूभरही वेगवान होत नाही. पण घरातली वीज संगणकाला सोसेल अशी करून प्रत्येक भागाला तोच पुरवतो. तो हलका निघाला तर जाताना एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. येथे भाऊजींना काही समजवावे लागले नाही. मोटार आणि भार यांचे नाते त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

दुसरा विचार उन्हाचा. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला वेग कोंदट कॅबिनेटमध्ये वायाच जाणार. म्हणून पुढच्या बाजूला जाळी, वारा आत घेणारे आणि बाहेर टाकणारे पंखे, आणि धुळीसाठी काढून धुता येणारी गाळणी, एवढेच कॅबिनेटमध्ये पाहायचे ठरले. काच आणि दिवे भाच्याने स्वतःच्या हाताने खोडले. तिसरी गोष्ट यूपीएस. वीज गेल्यावर निदान यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळायला हवा, आणि पहिल्या यादीत तो मुळी नव्हताच.

अखेरची यादी अशी झाली. रायझन ५ ५५०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर ७,५०० रुपये. त्याला चालणारा एएम४ पद्धतीचा मदरबोर्ड ७,०००. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या ३,२००. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा दोन बऱ्या, कारण माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात. ५०० जीबीची एसएसडी ३,०००. रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड २०,५००. नावाजलेले ५५० वॅटचे एसएमपीएस ४,२००. जाळीचे कॅबिनेट २,६००. मॉनिटर ७,५००. यूपीएस ४,५००. बेरीज बरोबर ६०,०००. कीबोर्ड आणि माउस माझ्या घरी जुने पडून होते, ते दिले. रायझन ५ ५६०० हा अधिक चपळ प्रोसेसर सुमारे ३,००० रुपयांनी महाग होता. ते पैसे यूपीएसकडे वळले. पुढे कधी हाती पैसे आले तर त्याच मदरबोर्डावर वरचा प्रोसेसर बसतो, ही त्यातली सोय. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घेतले. १८ टक्के जीएसटी चुकवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणाऱ्याजवळ तीन वर्षांची हमी मागायला पुरावा उरत नाही.

हे आकडे त्या उन्हाळ्याचे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. २०२१ मध्ये आभासी चलनासाठी ग्राफिक्स कार्डांची उचल झाली आणि ती दुर्मीळ झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. भाव आपल्या हाती नसतात. कोणत्या भागाला आधी न्याय द्यायचा हा क्रम मात्र आपल्या हाती असतो, आणि तो भावांबरोबर फारसा बदलत नाही.

एक प्रश्न उरलाच होता. विंडोजच्या परवान्यासाठी पैसे शिल्लक नव्हते. चोरीची प्रत कोणीही घालून देईल, असे भाच्याचे मित्र म्हणत होते. ताई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "माझ्या भिशीच्या पैशांवर चोरीची वस्तू बसणार नाही." चर्चा तेथेच संपली. शेवटी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळसे खेळ त्यावर चालतात. सगळे चालत नाहीत. मित्रांबरोबर खेळायचा व्हॅलोरंट चालत नाही, आणि मुख्यतः त्याच खेळासाठी भाच्याने हा संगणक मागितला होता. तो एक दिवस हिरमुसला होता, हे खरे आहे.

यंत्र जुळवताना भाऊजी बॅटरी धरून उभे राहिले. मुलाने प्रोसेसर खाचेत अलगद टेकवला तेव्हा ते हळूच म्हणाले, "जोर लावू नकोस. बसायचा असेल तर आपणच बसेल." आयुष्यभर तुटलेले धागे जोडणाऱ्या माणसाचा तो सल्ला होता. साठ हजार रुपये खेळायला का, हा त्यांचा प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही, आणि तो चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. घरावरचे पत्रे अजून बदलायचेच आहेत. पण आपली आवड किती घामातून उभी राहते, हे मुलाला रुपयारुपयाने कळले. तो आता गल्लीतल्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेतो. वहीच्या त्याच पानाखाली त्याने दोन ओळी वाढवल्या आहेत: एक विंडोजच्या परवान्याची, आणि तिच्यावर, वडिलांनी न सांगता लिहिलेली, पत्र्यांची.