टेकडीवरून टेकडी

२० जानेवारी, हिंगणघाट
विल्यम लॅम्बटनच्या कबरीपाशी आलो. हैदराबादेहून नागपूरकडे येताना, १८२३ साली याच तारखेला तो इथे वारला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला त्याने १८०२ मध्ये मद्रासपासून सुरुवात केली होती. सोबत अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. एका माथ्यावरून दुसरे दोन माथे दिसले, तरच त्रिकोण जुळायचा; म्हणून टेकडी किती उंच यापेक्षा तिच्यावरून काय दिसतं, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं. मला हे फार पटतं. इतकी वर्षं मीही तेवढ्यासाठीच चढतोय.

२६ जानेवारी, सीताबर्डी
किल्ला लष्कराकडे, त्यामुळे घराजवळची ही टेकडी वर्षातून तीनच दिवस आपली: आज, १ मे आणि १५ ऑगस्ट. रांगेत बहुतेक लेकुरवाळी मंडळी. पुढचे आजोबा नातवाला दोन्ही टेकड्या दाखवत होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठीवरच्या इंग्रजांवर तोफ डागली. पुस्तकात ही लढाई मला कधी नीट कळली नव्हती. वर उभं राहिलं की कळते: दोन्ही माथे इतके लगत आहेत की एकावर शत्रू असताना दुसऱ्यावर टिकणं अशक्य.

पायाशी टेकडीचा गणपती, पलीकडे रेल्वे स्थानक. झिरो माईलच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट, म्हणजे सपाट वाटणारं नागपूरही हजार फुटांवर बसलंय! पश्चिमेला सेमिनरी हिल्सची हिरवी कड दिसली.

८ फेब्रुवारी, रामटेक
अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढलो. माकडांनी फुटाण्यांची पुडी पळवली. सगळे वर राममंदिराकडे धावतात. मी आधी नरसिंहापाशी थांबतो. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळची मंदिरं, पाचव्या शतकातली. दगडही सीताबर्डीचा काळा बेसाल्ट नव्हे, त्याहून कितीतरी जुना. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड नागपूरपाशीच संपते. नकाशात ती एक रेघ असते, इथे ती बुटांखाली लागते.

वरून खिंडसीचं पाणी, आणि पश्चिमेला मनसर. तिथल्या हिडिंबा टेकडीच्या पोटातून वाकाटकांच्या विटा निघाल्या. वाटलं, तेव्हाची माणसंही या माथ्यावरून त्या माथ्याकडे बघत असतील.

९ फेब्रुवारी
ह्यू मन्रोने १८९१ मध्ये स्कॉटलंडच्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. त्याची स्वतःची यादी काही पुरी झाली नाही; १९१९ मध्ये तो गेला, तेव्हाही शिखरं बाकी होती. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाकी असणं हेच तर सुख. माझ्या वहीत त्याच्या मापाची शिखरं थोडीच, पण प्रत्येकापुढे तिथून दिसलेल्या टेकड्यांची नावं आहेत.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र, चौरागड
पचमढीत मध्य प्रदेश कमी, विदर्भ जास्त. पाठीवर त्रिशूळ घेतलेली माणसं, काही त्रिशूळ दोघांनी मिळून उचललेले. हर हर महादेवचा गजर वरून खाली आणि खालून वर. पायऱ्या तेराशेच्या आसपास. एका आजीबाईंना पाणी दिलं, तर मलाच म्हणाल्या, ‘‘बसून घे बाप्पा, महादेव कुठं जाते?’’ त्या दरवर्षी येतात. नवस नाही, मागणं नाही. ‘‘वर आलं की बरं वाटते’’ एवढंच. त्यांच्या शेजारी बसून धूपगड बघितला. १३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. त्रिशुळांच्या गर्दीतून ते लगेच ओळखू आलं. आजींना दाखवलं, तर त्यांनी त्यालाही हात जोडले.

१ मार्च
पळस फुलला आहे. आता उन्हं चढायच्या आत, पहाटेच्या गाडीने, अदासा. नंतर चिखलदऱ्याचा वैराट. शेजारचा मुलगा विचारत होता, ‘‘काका, मी येऊ का?’’ त्याला कोरी वही घेऊन ये म्हटलं आहे.