फिरत्या घरातलं कपाट आणि आपली तब्येत



मार्च-एप्रिल आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येतो. "मॅडम, मुलाकडे अमेरिकेला चाललोय. त्याने फिरायला ट्रेलर भाड्याने घेतलाय. आठवडाभर त्यातच राहायचं, त्यातच झोपायचं. झेपेल का आम्हाला?" आणि मग शुगर, बीपी, गुडघे अशी जाडजूड फाइल टेबलावर येते.

फाइल मी बघतेच. पण त्याआधी विचारते, "तुमचे कपडे आणि औषधं त्या ट्रेलरमध्ये कुठे ठेवणार आहेत?" लोक हसतात. मी मात्र गंमत करत नसते.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. त्यात पलंग, शेगडी, फ्रिज, इवलंसं बाथरूम सगळं असतं. नसते ती जागा. कपाटं असतात डोक्यावर, पलंगाखाली आणि बाकांच्या पोटात, म्हणजे वयस्कर शरीराला सगळ्यात अवघड अशा तीन ठिकाणी.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही असाच प्रवास केला. माझे दीर डेन्व्हरला असतात. ते, माझी जाऊ, माझे मिस्टर, मी आणि शहात्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई, असे पाच जण पंचवीस फुटी ट्रेलर घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेलो. त्या दहा दिवसांत सामान लावण्याबद्दल जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

आई 'नाही' का म्हणत होत्या?

सुरुवातीला आई यायलाच तयार नव्हत्या. "तुम्ही सगळे जाऊन या, मी राहीन घरी. मला काय करायचंय डोंगर बघून?" गुडघे, थंडी, कंटाळा अशी कारणं रोज बदलत होती. एका दुपारी आम्ही दोघीच असताना खरं कारण निघालं. "अगं, रात्री मला घाईने उठावं लागतं. कधी कधी पोहोचेपर्यंत कपडे खराब होतात. घरी माझं मी निस्तरते. तिथे एवढ्याशा जागेत, अंधारात, मुलांना उठवून कपडे मागू का?"

हे मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. "लिही, बाकीच्या बायकांना कळू दे," असं त्यांनीच सांगितलं.

वाचकहो, पन्नाशी-साठीनंतर लघवीची घाई होणं किंवा थोडी लघवी सुटणं खूप बायकांमध्ये दिसतं, पुरुषांमध्येही दिसतं. शुगर वाढलेली असणं, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडणं, पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढणं, संध्याकाळी उशिरा घेतलेली लघवी वाढवणारी गोळी अशी कारणं असतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, म्हणून प्रवासाआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. 'नको ती कटकट' म्हणून पाणी पिणं मात्र बंद करू नका. त्याने लघवी घट्ट होते, जळजळ वाढते आणि जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते.

आईंची तपासणी झाली, गोळीची वेळ बदलली. पण त्यांचा मूळ प्रश्न औषधाने सुटणारा नव्हता. तो होता, 'माझे कपडे माझ्या हाताला लागतील का?' त्यामुळे ट्रेलरमध्ये सगळ्यात आधी आम्ही त्यांची जागा ठरवली आणि बाकीच्यांचं सामान उरलेल्या जागेत बसवलं.

गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची जागा कोणाची?

याचं उत्तर सोपं आहे: घरातल्या सर्वात वयस्कर माणसाची. गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली जे कप्पे असतात, ते त्यांना द्यावेत. यामागची कारणं समजून घ्या.

डोक्यावरच्या कपाटातलं काढायला मान मागे आणि हात वर न्यावा लागतो. ज्यांना कानातल्या दोषामुळे चक्कर येते, त्यांना नेमकी मान वर केल्यावरच गरगरतं. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हात वर जातच नाही. शिवाय प्रवासात सामान सरकतं आणि दार उघडताच अंगावर येतं.

पलंगाखालच्या जागेसाठी खाली वाकायचं, अनेकदा गादीसकट फळी उचलायची. गुडघे आणि कंबर दुखतातच. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारीही येऊ शकते.

म्हणून वरची कपाटं तरुणांच्या हलक्या कपड्यांना दिली आणि पलंगाखालची जागा रोज न लागणाऱ्या वस्तूंना. आईंना त्यांच्या पलंगाशेजारचा एक खण आणि भिंतीवरचे दोन हूक मिळाले.

गाठोड्यांची युक्ती

कपडे भरायची युक्ती मात्र आईंचीच. गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी सात माणसांचा संसार केला आहे. जाऊबाईंनी कपड्यांसाठी चेनचे छोटे छोटे चौकोनी पाऊच आणले होते. आईंची बोटं संधिवाताने वाकलेली, त्या बारीक चेन त्यांना ओढवेनात. त्यांनी जुन्या सुती साडीचे रुमालाएवढे तुकडे मागून घेतले आणि गाठोडी बांधली. एका दिवसाचं एक गाठोडं: आतले कपडे, सलवार-कुर्ता, मोजे. साड्या त्यांनी आपणहून डेन्व्हरलाच ठेवल्या. "पाच वार वाळत घालायला जागा कुठे आहे इथे?"

रात्रीचं गाठोडं वेगळं, लाल काठाचं. त्यात एक गाऊन, आतले कपडे, दोन पॅड, एक नॅपकिन आणि खराब कपडे टाकायला प्लास्टिकची पिशवी. ते कायम उशाशी, शेजारी छोटी बॅटरी. अंधारात नुसता काठ चाचपला तरी कळायचं.

चौथ्या दिवशी सकाळी मी धुण्याची पिशवी उचलली, तर त्यात लाल काठाचं फडकं होतं. रात्री कोणाला जाग आली नव्हती. आई बाहेर खुर्चीत बसून चहा पीत होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. तेवढ्यापुरतं दुसरं गाठोडं बांधून मी उशाशी ठेवलं.

कपडे किती घ्यावेत? पाच-सहा दिवसांचे पुरतात. मोठ्या कॅम्पग्राउंडवर नाणी टाकून चालवायची धुलाई यंत्रं असतात. यलोस्टोनचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे. जुलैमध्ये दुपारी २५ अंशांच्या आसपास असलं, तरी रात्री पारा शून्याजवळ उतरू शकतो. त्यासाठी एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर न्या. ते जागा कमी घेतात आणि घालायला-काढायलाही सोपे पडतात.

औषधांची जागा

ट्रेलर चालू असताना त्यात कोणी बसत नाही. अनेक राज्यांत कायद्याने तशी मनाई आहे. सगळे पुढच्या गाडीत. म्हणून रोजची औषधं, ग्लुकोमीटर, साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, पाणी, स्वेटर आणि कपड्यांचं एक गाठोडं एवढं गाडीत हाताशी हवं. शुगर उतरल्यावर ट्रेलर थांबवून कुलूप उघडण्यात वेळ घालवू नये.

पण उतरताना औषधांची पिशवी गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी वाढू शकतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन साधारणपणे ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालतं. तुमच्या पेनचा नेमका कालावधी त्याच्या माहितीपत्रकात असतो.

ट्रेलरच्या फ्रिजमध्येही जपावं लागतं. मागच्या बाजूला थंड करणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतील, तर त्यांना चिकटलेली वस्तू गोठू शकते. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. आम्ही आईंच्या पेनची डबी दाराच्या कप्प्यात ठेवली. गोळ्या बाथरूमच्या आरशामागे नकोत, तिथे वाफ असते.

यलोस्टोनमध्ये आणखी एक नियम आहे: अस्वलांमुळे खाण्याचे किंवा वासाचे पदार्थ उघड्यावर ठेवायचे नाहीत. टूथपेस्ट, क्रीम, साबणसुद्धा. तिथल्या फिशिंग ब्रिज या ठिकाणी तर कापडी तंबूंना परवानगीच नाही, फक्त टणक भिंतींच्या गाड्या चालतात. आईंनी बाहेरच्या टेबलावर ठेवलेली बामची बाटली भाऊजींनी धावत आत आणली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अस्वलाचीही डोकेदुखी जाईल रे!"

ओल आणि त्वचा

माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाला साधारण पाऊण लिटर पाणी नकळत बाहेर पडतं. पाच माणसं आठ तास बंद ट्रेलरमध्ये झोपली, तर सव्वा लिटर पाणी हवेत जातं. ते थंड भिंतींवर आणि काचांवर जमतं. भिंतीला चिकटून कोंबलेले कपडे दमट होतात, त्यांना बुरशीचा वास येतो. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्याने खोकला सुरू होऊ शकतो. दमट आतले कपडे घातले की जांघेत, काखेत, स्तनांखाली नायटा फोफावतो. मधुमेह असेल तर आणखीच.

म्हणून कपाट ठासून भरू नका, भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा. छतावरची खिडकी रात्री थोडी उघडी ठेवा. टॉवेल आणि अर्धवट वाळलेले कपडे बंद कपाटात ठेवू नका. आम्ही दोन हुकांना दोरी बांधून चाळीतल्यासारखं वलण केलं. ते फक्त दिवसा, कारण रात्री ते चालण्याच्या वाटेत येतं.

जिथे काहीच ठेवायचं नाही

जागा कमी असली की मोकळा कोपरा दिसला रे दिसला, की तिथे वस्तू जाते. चार जागा मात्र रिकाम्याच ठेवा.

१. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट. पिशवीचा बंद किंवा जमिनीवर पडलेला टॉवेल खुब्याच्या फ्रॅक्चरला पुरेसा असतो. तिथे मंद दिवा हवा आणि पायात मागून बंद, न घसरणाऱ्या चपला हव्यात.

२. जमिनीजवळचा गॅसगळतीचा अलार्म. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून हा अलार्म खाली असतो. नेमके तिथेच लोक बूट रचतात.

३. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि हवा खेळण्याच्या जाळ्या. त्यांवर कपडे टांगू नका. ऊब यावी किंवा कपडे वाळावेत म्हणून गॅसची शेगडी कधीही पेटवून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

४. जमिनीलगतच्या हीटरची जाळी. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर तिथे पाय ठेवून भाजलेलं समजत नाही. मोजे रोज बदला आणि बूट घालण्याआधी आत हात घालून बघा.

वजनाबद्दल थोडक्यात: दाराजवळच्या स्टिकरवर किती किलो किंवा पाउंड सामान चालेल ते लिहिलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नका. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास. मागच्या टोकाला जास्त वजन झालं, तर वेगात ट्रेलर डोलायला लागतो.

निघण्याआधीची परीक्षा

सामान लावून झालं की ट्रेलर अंगणात उभा असतानाच ही परीक्षा घ्या. तुमच्या घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला त्यांच्या पलंगावर झोपायला सांगा. दिवे बंद करा. आता त्यांनी कोणालाही हाक न मारता तीन गोष्टी काढून दाखवायच्या: पाणी, गोळी आणि बदलायचे कपडे. मग उठून बाथरूमपर्यंत जाऊन यायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, पण मदत करू नका. कुठे हात अडला, कुठे पाय अडखळला ते बघा आणि तेवढंच बदला. दोन-तीन वेळा करावं लागेल. आईंना तीन वेळा लागलं.

ट्रेलरच काय, लेकीचा वन-बीएचके असो किंवा रेल्वेचा बर्थ, हीच परीक्षा लागू पडते. म्हातारपणी परावलंबी होण्याची भीती बहुतेकांना असते. त्यातलं थोडंसं परावलंबित्व आजारामुळे नाही, तर उंच कपाटामुळे आणि घट्ट चेनमुळे येतं. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांना भेटा. औषधं किंवा त्यांच्या वेळा स्वतःहून बदलू नका. काळजी घ्या, आणि घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन जा.