रात्री दोन वाजता फोन कोणाला कराल?

माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर एक रकाना आहे : 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे?' मध्यंतरी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. कंपनीच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. झोप नाही, बीपी वाढलेले. त्यांनी तो रकाना रिकामा सोडला होता. विचारल्यावर हसून म्हणाले, "डॉक्टर, ऑफिसचाच नंबर लिहा."

मला २००९ सालचा 'अप इन द एअर' हा चित्रपट आठवला. तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. जॉर्ज क्लूनीने रंगवलेला रायन बिंगहॅम अमेरिकाभर फिरून लोकांना नोकरीवरून काढल्याचे सांगतो. वर्षातले ३२२ दिवस प्रवासात. त्याचे स्वप्न एकच, विमानप्रवासाचे एक कोटी मैल पुरे करायचे. नाती म्हणजे पाठीवरचे ओझे, असे तो भाषणांतून सांगतो. हे सगळे बघताना आपण हसतो.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न येते. वडील नाहीत, म्हणून तिचा हात धरून तिला पुढे नेण्याची तयारी तो दाखवतो. पण तो मान तिने आधीच नवऱ्यामुलाच्या काकांना दिलेला असतो. कोणी रागावलेले नाही. फक्त त्याला कोणी हिशेबातच धरलेले नाही. पुढे कोटी मैल पुरे होतात आणि वैमानिक शेजारी येऊन विचारतो, तुम्ही कुठले? तो म्हणतो, इथलाच. म्हणजे विमानातला!

एकटे राहणे हा आजार नाही. कित्येक जण एकटे राहूनही आनंदात असतात. हवी असलेली जवळीक मिळत नाही, तेव्हा एकाकीपणा येतो. तो फार काळ टिकला तर शरीर सतत सावध राहते, झोप उथळ होते, रक्तदाब वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे १ जण एकाकी आहे, आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे.

त्या दिवशी मी स्वतः तो रकाना मनात भरून पाहिला. पत्नीनंतर दुसरे नाव धाकट्या भावाचे. शेवटचे कधी बोललो, आठवेना. घरी जाऊन फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न, "दादा, काय झालं? सगळे बरे आहेत ना?" माझा फोन म्हणजे वाईट बातमी, एवढे अंतर पडले होते. आता दर रविवारी बोलतो. विशेष काही नसते, पण बोलतो.

तुम्हीही हा रकाना भरून पाहा. नाव सुचले तर आजच फोन करा, काम नसतानाच करा. सुचले नाही तर लाजू नका, तुमच्या डॉक्टरांना सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. रकान्यात बहिणीचे नाव लिहिले. नंबर मात्र त्यांना मोबाइलमध्ये शोधावा लागला.