विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात

शिक्षकांची पाठ टाचणाची वही तुम्ही कधी चाळली आहे का? नसेल, तर जरूर चाळा. पंचांगाच्या खालोखाल भविष्य सांगणारं पुस्तक तेच. एका रकान्यात 'शिक्षक कृती', शेजारच्या रकान्यात 'विद्यार्थी कृती'. आपण उद्या काय करणार हे मास्तरांनी आदल्या रात्री लिहावं, ठीक आहे. पण शेजारीही 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी अचूक उत्तर देतात' असं आदल्या रात्रीच लिहून मोकळे! इतकं छातीठोक भाकीत नाक्यावरचा ज्योतिषीही करत नाही. तो निदान हात तरी बघतो.

या तयारीचं मूळ थेट जर्मनीत आहे. हर्बार्ट (१७७६-१८४१) नावाचे तत्त्वज्ञ तिकडे होऊन गेले. त्यांच्या शिष्यांनी धडा शिकवण्याच्या पाच पायऱ्या पक्क्या केल्या आणि आपल्याकडच्या बी. एड. कॉलेजांत त्यांची 'पंचपदी' झाली. पहिली पायरी पूर्वतयारी. गंमत म्हणजे ही तयारी पोरांच्या मनाची. नवं सांगण्याआधी त्यांना जुनं काय ठाऊक आहे ते चाचपायचं. मास्तरांची तयारी हर्बार्टसाहेबांनी बहुधा गृहीतच धरली असावी. भला माणूस!

आमच्या वर्गात एका पोराने विचारलं, "सर, चंद्र रात्रीचा ना? मग आज शाळेला येताना कसा दिसला?" तासावर आलेल्या मास्तरांची वही कोरी होती. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि भर दिवसा तारे दाखवले. चंद्राचं मात्र राहूनच गेलं. तयारी जितकी तोकडी, तितका हात लांब, हा नियम आम्हाला तेव्हापासून पाठ आहे. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या माराला बंदी घातली. पण 'आगाऊ प्रश्न विचारू नकोस' या वाक्यावर अजून कोणाला कायदा करता आलेला नाही. गालाचं काय, दोन दिवसांत बरा होतो. प्रश्न विचारणारं पोर एकदा गप्प झालं की झालं.

पुढच्या वर्षी भूगोलाला दुसरे सर आले. तोच प्रश्न पुन्हा निघाला. विचारणारा वेगळा, पहिल्याने तोंडाला कुलूप घातलं होतं. सर म्हणाले, "शुक्रवारी सांगतो. तोवर रोज शाळेला येताना चंद्र कुठे दिसतो ते वहीत मांडून आणा." म्हणजे तयारी दोन्हीकडून!

शुक्रवारी वद्य अष्टमी होती. सरांनी पंचांग बघून ठेवलं होतं. अख्खा वर्ग मैदानात नेला. वर फिकट अर्धा चंद्र, मोडलेल्या पापडासारखा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. अष्टमीला उगवायलाच मध्यरात्र होते, मग दुपारपर्यंत तो जाणार कुठे? आमच्या वह्यांतही तो पश्चिमेकडून रोज थोडा थोडा वर चढला होता. फक्त एकाच्या वहीत तो चारही दिवस पिंपळावरून हलला नव्हता. त्याने अडकलेला पतंग मांडला होता.

इतक्यात मागून एक हात वर झाला. तो कुलूपवाला.

"सर, मग अमावास्येला तो असतो कुठे?"

"पुढच्या शुक्रवारी बघू," सर म्हणाले. "तयारी करून या. मीही येतो."