खापरातलं पाणी

आपल्या लिखाणात आज्जी येते ती डोक्यावर मोळी घेऊन, नाहीतर शेणाची पाटी घेऊन. ते खरंच आहे. माझी आज्जीही तशीच राबली. पण तिला झाडांचं वेड होतं आणि पाखरांचं त्याहून जास्त, असं सांगायला गेलं की कुणीतरी कार्यकर्ता म्हणतोच, "फुलं-पाखरं बंगलेवाल्यांची. आपल्याला त्याचं काय?"

मित्रांनो, त्याचं काय तेच सांगतो.

आमचा महारवाडा नगर जिल्ह्यातला, आताचा अहिल्यानगर. वतनाची जमीन भावकीत वाटून वाटून काकरीवर आलेली. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं होतं. वतन मोडायचा कायदा झाला 1958 साली. महारकी सुटली, ते बरंच झालं. पण जमीन परत नावावर करायची तर सरकारात पैसे भरायचे. आमच्या घरात ते कुठले? जमीन गेली.

1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आज्जीही गेली. परत आली तेव्हा पदराच्या गाठीत भोपळ्याच्या बिया. तुरुंगात भेटलेल्या कुणा बाईनं दिल्या होत्या. म्हणाली, "जमीन द्यायची तवा देतील. बी कशाला वाळवत ठिवू?"

झोपडीमागं आठ-दहा हात जागा. मोरीचं पाणी तिनं चारी काढून तिकडं वळवलं. भांड्याचं, अंघोळीचं, थेंब वाया जात नव्हता. अळू, मिरची, दोडका, कोपऱ्यात शेवगा. भोपळ्याचा वेल छपरावर. साळुंक्या, बुलबुल, होले यायचे. जोंधळ्याच्या खळ्यावर राबून आणलेल्या कणसांतली दोन ती वळचणीला टांगायची, चिमण्यांसाठी. चुलते चिडायचे, "आपल्याला न्हाई आन पाखराला?" ती ऐकायची नाही.

एकदा भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला. पाखरू फळ खातं, बी शिटेतून पडतं, तिथं रुजतं. भिंत फुटेल म्हणून लोक असलं रोप उपटून टाकतात. आज्जीनं ते मुळासकट अलगद काढलं आणि वाड्याच्या मोकळ्या जागेत लावलं. 1956 नंतर घरातले देव तिनं नदीत सोडले होते. म्हणायची, "बुद्धाचं झाड पाखरानं घरपोच आनून दिलं."

मग 1972 चा दुष्काळ. आमची विहीर आटली. दिवसभर आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सांजच्याला गावच्या आडावर घागर घेऊन लांब बसायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. अस्पृश्यतेविरुद्धचा 1955 चा कायदा सतरा वर्षांचा झाला होता. आडावर तो कधी आलाच नव्हता.

असं मिळालेलं घागरभर पाणी. त्यातलं पहिलं वाटीभर ती फुटक्या खापरात ओतायची आणि शेवग्याखाली ठेवायची. मी दहा वर्षांचा. घसा सुकलेला. म्हणालो, "आज्जे, आधी मला दे." तिनं मला दिलं, मग म्हणाली, "पाखराला वरून पानी घालून बघ. उडून जातं. त्याला खाली ठिवावं लागतं, मंग ते आपल्या चोचीनं पितं. त्याला कळतं. आपल्यालाच वंजळ धरायची सवं लागली."

आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं ते तिला पक्कं कळलं होतं. बाबासाहेब तळ्यात उतरले आणि आपल्या हातानं पाणी घेतलं. मागितलं नाही, कुणी वाढलं नाही. त्या ओंजळीसाठी कोर्टातली लढाई 1937 पर्यंत चालली. वाढलेलं पाणी आणि आपल्या हातानं घेतलेलं पाणी यात फरक काय, ते आज्जी रोज खापर भरून सांगत होती.

1986 च्या उन्हाळ्यात ती गेली. पिंपळाखाली आता विहार आहे.

उन्हाळ्यात तुमच्या विहारापुढंही खापरं ठेवा. पण त्याच दिवशी गावच्या पाणवठ्यावरही जाऊन या. कोण कुणाच्या हातानं पाणी घेतं ते बघा. कुठं अजून वरून वाढत असतील तर नुसतं खापर ठेवून भागणार नाही. तिथं उतरा, आणि आपल्या हातानं भरून घ्या.