घसारा आणि सागवान

आयकराच्या हिशेबात फर्निचरवर दरवर्षी १० टक्के घसारा धरला जातो. दहा हजार रुपयांचे कपाट दहा वर्षांनी वहीत ३,४८७ रुपयांचे उरते. व्यवहारासाठी हे योग्यच आहे. परंतु सागवानाला हा हिशेब ठाऊक नसतो. अंगच्या तेलामुळे ते पिढ्यान्पिढ्या टिकते. झिजते ते वरचे पॉलिश आणि सैल होतात ते सांधे.

सांगली जिल्ह्यातील एका व्यापारी गृहस्थांनी वडिलोपार्जित पेढी बंद केली, तेव्हा भंगारवाल्याने मुनिमाचे उतरते मेज, दोन खुर्च्या आणि एक बाक जळणाच्या भावाने मागितले. त्याच सुमारास मुलाने पुण्यात भाड्याची खोली घेतली होती आणि तो हप्त्याने फर्निचर घेण्याच्या विचारात होता. पेढीचे देणे नुकतेच फिटले होते. नवे कर्ज घरात येऊ नये, एवढाच वडिलांचा आग्रह. मुलाला मात्र जुन्या सामानाचा संकोच वाटत होता.

पहिले काम पारखण्याचे. पाणी लागून फुगलेला भुशाचा बोर्ड पूर्ववत होत नाही. त्यावर श्रम घालू नयेत. ज्या छिद्रांतून ताजी भुकटी गळते, ते लाकूड घरात आणूच नये, म्हणजे पुढे विषारी औषध मारण्याची वेळ येत नाही. या कसोटीवर बाक बाद झाला. मेज आणि खुर्च्या उतरल्या.

जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा व हाडांचा चिकट अर्क. गरम पाण्याच्या फडक्याने तो सुटतो. सांधा कोरडा झाल्यावर पांढरा कृत्रिम डिंक लावावा, भोवती सुतळी गुंडाळून तीत काठी घालून पीळ द्यावा आणि एक दिवस तसेच ठेवावे. शिकंजा विकत घ्यावा लागत नाही.

मग घासणे. आधी ८०, नंतर १२०, शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत. म्हणून रंगवलेली वस्तू ओली करून, तोंडावर मास्क बांधून, मुलांना दूर ठेवून घासावी.

शेवटी पॉलिश. सुताराचे नेहमीचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे असते आणि लाख ही कीटकांपासून मिळते. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य का आले, हे येथे सहज उमगते. त्याऐवजी जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाईन मिसळून फडक्याने पातळ हात द्यावा, उरलेले तेल पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा. घाई केली तर पृष्ठभाग चिकट राहतो. एक सावधगिरी अत्यावश्यक: तेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

पितापुत्रांनी चार रविवार यात घालविले. सारा खर्च पाचशेच्या एका नोटेत भागला. पेढी बंद झाल्यापासून दोघांत मोजकेच बोलणे होत असे. पॉलिश पेपर हाती असताना मात्र उधारी कशी थकत गेली, कोणत्या वर्षी पेढी सावरता आली असती, हे वडिलांनी प्रथमच सांगितले.

मेजाच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा जुना डाग होता. वडील तो घासून काढू लागले, तेव्हा मुलगा म्हणाला, “अण्णा, तो राहू द्या.” डागावरच तेलाचा हात दिला गेला.

आता त्या मेजावर मुलाचा लॅपटॉप असतो. खात्यांत या वस्तूंची किंमत नगण्य आहे आणि चार रविवारांच्या श्रमांसाठी तर रकानाच नाही. हप्त्याच्या रकान्यात मात्र शून्य आहे, आणि नव्याने संसार थाटणाऱ्या घरासाठी ही बाब लहान नव्हे.